वाफेच्या ट्रॅक्शन इंजिनाच्या (वाफेवर चालणाऱ्या ओढगाडीच्या) मॉडेलवर फ्लायव्हील, म्हणजे शाफ्टवरचं जड चाक, डुगडुगतं आणि ते धरून ठेवणारा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) सारखा ढिला होतो. पक्कं कसं बसवू?

आधी बोअर, म्हणजे चाकाचं मधलं भोक, तपासा. शाफ्टवर चाक हाताने दाबून जेमतेम सरकलं पाहिजे. सैल असेल तर स्क्रू आवळताच ते एका बाजूला ढकललं जातं आणि डुगडुगतं; मग कितीही आवळा, उपयोग नाही. अशा वेळी बोअर मोठं करून बुश (आत बसणारी नळी) घालणं बरं.

गोल शाफ्टवर नुसता स्क्रू टेकवू नका. तो ओरखडा काढतो, त्याची बारीक कड वर येते आणि पुढे चाक काढताना बोअरमध्ये अडकते. (हातोडी मारून स्पोक तोडलाय मी, ओतीव लोखंड ठिसूळ असतं.) स्क्रूच्या जागी कानशीने छोटा सपाट भाग काढा, स्क्रूला लॉक्टाइट २४३ (आटे ढिले होऊ न देणारं द्रव) लावा. निळं, पुढे साध्या अ‍ॅलन कीने सुटतं.

इंजिनाकडून खरंच काम करून घ्यायचं असेल, म्हणजे माणूस ओढणं किंवा पट्ट्यावर डायनॅमो, तर चावीच हवी, म्हणजे शाफ्ट आणि चाकाच्या खाचेत बसणारी धातूची पट्टी. खऱ्या इंजिनांत डोकं असलेली निमुळती चावी ठोकतात, उतार साधारण १:१००. पण लहान मॉडेलमध्ये ती जोरात ठोकली की चाक तिरकं होतं. मी समांतर चावी घालतो, वरून एक ग्रब स्क्रू.

बेअरिंग आणि चाकाच्या मध्ये ०.१ ते ०.२ मिमी फट ठेवा. गार असताना मोकळं फिरणारं इंजिन तापल्यावर इथेच घासतं.