लॅपटॉप आधी परत द्या

प्रश्न : मुलगा मुंबईत कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एम-थ्रीची, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरची केटी राहिलीय. रात्र-रात्र जागून कुठल्याशा फुकटच्या सॉफ्टवेअरमधले कम्पायलरचे जुने, भंगार पर्याय बदलत बसतो. मी लॅपटॉप कपाटात बंद केलाय. त्याला दीड लाखाच्या एआय कोर्सला घालू का? मी रेल्वेच्या कारशेडमध्ये नोकरीला आहे.

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रातली केटी मला फारशी टोचली नाही. टोचलं ते हे वाक्य : ‘रोज जेवताना समोरच्या ब्लॉकमधल्या मुलीचं पॅकेज ऐकवतो, तरी फरक नाही.’ फरक पडेल कसा? वीस वर्षांचा मुलगा मान खाली घालून चार घास खातो आणि उठून जातो, हेही तुम्हीच लिहिलंय. केटी एका सत्रात निघेल. ताटावरून उठायची लागलेली सवय इतक्या लवकर सुटत नाही, आणि मला काळजी त्याची वाटते.

आता ‘भंगार’बद्दल. कम्पायलर म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम करून देणारं सॉफ्टवेअर. तुमचा मुलगा त्याचे जे पर्याय बदलतोय, त्यांच्यावर ‘डेप्रिकेटेड’ असा शिक्का आहे. १९२५ पासून मुंबईची लोकल १५०० व्होल्ट डीसीवर धावत होती. ती २५ हजार व्होल्ट एसीवर न्यायचं ठरलं, पण ठरलं त्या दिवशी डीसी बंद झालं नाही. हार्बरचा टप्पा पुरा व्हायला २०१६ साल उजाडलं. तोवर दोन्ही पुरवठ्यांवर चालणारे रेक आणावे लागले, हे तुम्हाला मी काय सांगणार! ‘डेप्रिकेटेड’चा अर्थ तोच. आज चालतंय, पुढे काढून टाकणार आहोत, तोवर सोय करा. तुमचा मुलगा ती सोय करतोय.

पुरावा म्हणून तुम्ही जोडलेला स्क्रीनचा फोटो मी दोनदा वाचला. एकच कोड तो लिनक्स, मॅक आणि विंडोजवर बिल्ड करतोय, म्हणजे कम्पायलरकडून त्याचा प्रोग्रॅम बनवून घेतोय. क्लँग या कम्पायलरने २०२४ साली १९व्या आवृत्तीत ‘ओफास्ट’ हा प्रोग्रॅम वेगवान करणारा पर्याय डेप्रिकेटेड ठरवला; जीसीसी हा दुसरा कम्पायलर तो निमूट घेतो. तुमचा मुलगा लिनक्सवर जीसीसी वापरतो, मॅकवर क्लँग. त्यामुळे लिनक्सवर सगळं सुरळीत, मॅकवर वॉर्निंग. या प्रोजेक्टमध्ये वॉर्निंगला एररच मानतात, म्हणून बिल्ड ठप्प. वॉर्निंगमध्येच दोन तोडगे दिलेत : वेग वाढवणाऱ्या ‘ओ-थ्री’च्या जोडीला गणिताचे नियम सैल करणारं ‘फास्ट-मॅथ’ लिहा, किंवा नुसतं ‘ओ-थ्री’ ठेवा. घाईतला माणूस पहिला चिकटवतो, नाहीतर वॉर्निंगच बंद करून मोकळा होतो. तुमच्या मुलाने खाली लिहिलंय की फास्ट-मॅथ दिलं की कम्पायलर बेरजांचा क्रम बदलू शकतो आणि ‘नॅन’ (शून्याला शून्याने भागल्यावर येतं तसं, संख्याच नसलेलं उत्तर) कधी येणारच नाही असं धरून चालतो. या कोडमध्ये तर नॅनची तपासणी आहे, तीच उडून जायची. म्हणून त्याने नुसतं ओ-थ्री ठेवलं आणि तिन्हीकडची उत्तरं ताडून पाहिली. वर सीमेक या बिल्डची मांडणी करणाऱ्या साधनात अशी व्यवस्था केली की पर्याय देण्याआधी ‘हा तुला कळतो का’ हे कम्पायलरलाच विचारायचं, कारण विंडोजच्या एमएसव्हीसी या कम्पायलरची पर्यायांची भाषाच वेगळी. एवढा विचार करणारी मुलं माझ्यासमोर फार थोडी येतात.

एआयचा कोर्स नको. एआयसाठी वापरतात त्या पायटॉर्च या सॉफ्टवेअरचा गाभाही सी प्लस प्लस या भाषेतच आहे आणि तोही कुणालातरी बिल्ड करावा लागतो. दीड लाख बँकेतच राहू द्या. गेट, कॅट की परदेशी एमएस, हे त्याचं तो शेवटच्या वर्षात ठरवेल.

केटीचं मात्र मी त्यालाच सांगतो. बाळा, एम-थ्री याच सत्रात काढ. केटी शिल्लक असली की बऱ्याच कंपन्या कॅम्पसला बसूच देत नाहीत. त्यातल्या लाप्लास आणि फूरियर या प्रकरणांना रोज दीड तास, तोही आधी. कम्पायलर त्यानंतर, आणि रात्री एकला झोप.

आणि साहेब, आज घरी गेलात की कपाट उघडा. लॅपटॉप देताना एक शब्दही बोलू नका. जेवताना पॅकेज नको. डीसीचं एसी होत होतं तेव्हा शेडमध्ये काय काय चालायचं, ते त्याला सांगा.