रेमिंग्टन ७०० रायफलवर स्कोप (नेम धरायची दुर्बीण) पक्का बसवायला कुठला माउंट (स्कोप धरणारा आधार) बरा?

तुम्ही टेक्सासमध्ये हरणाच्या शिकारीला .३०-०६ काडतूस वापरणार म्हणताय (भारतात तर शिकारीला बंदीच आहे), तर माझं मत सरळ आहे, वन-पीस पिकॅटिनी रेल (आडव्या खाचांची प्रमाणित पट्टी) लावा आणि त्यावर स्कोप धरणाऱ्या चांगल्या स्टीलच्या रिंग्स. वीव्हर बेस (तशाच खाचांचा दुसरा प्रकार) स्वस्त पडतो आणि चालतोही, पण त्याची खाच अरुंद असते त्यामुळे पिकॅटिनीच्या रिंग्स त्यात बसत नाहीत, उलटं मात्र बहुतेक वेळा चालून जातं. वजन कमी हवं असेल तर टॅलीसारखे बेस आणि रिंग एकत्र असलेले माउंट मस्त, जोड कमी म्हणजे सैल व्हायला जागा कमी.

पण खरं सांगू का, माउंटपेक्षा बसवण्यातच लोक घोळ घालतात. बेसच्या स्क्रूंचं तेल आधी पुसून काढा, निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) एक थेंब, मग रिंग खाचेत नळीच्या दिशेने पुढे ढकलून धरा आणि तशीच आवळा, नाहीतर गोळी सुटतानाच्या धक्क्याने ती सरकते न झीरो (जुळवलेला नेम) हलतो. रिंगच्या वरच्या स्क्रूंना साधारण १५ ते १८ इंच-पाउंड (आवळण्याच्या जोराचं माप) बास, टॉर्क रेंच (तो जोर मोजून आवळणारा पाना) घ्याच, हाताच्या अंदाजाने पिळलं की स्कोपची ट्यूब दबते.