कच्चंच घेऊन जा

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "अभ्यासगटात प्रबंधाचं दुसरं प्रकरण वाचायचं होतं, पण अजून पक्कं नाही, म्हणून पुढे ढकललं." तिसऱ्यांदा ढकललंस. मधल्या काळात दोन कार्यशाळा करून आलीस, तिथेही नुसती ऐकत बसलीस. काल राग आला, म्हणून जास्त बोललो नाही. आता लिहितो. प्रकरण कच्चंच घेऊन जा.

शब्दप्रमाणावर, म्हणजे शब्दातून ज्ञान कसं होतं यावर प्रबंध लिहितेस, तेव्हा न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथाचा, न्यायसूत्रांचा, चौथा अध्याय मी तुला काय सांगू! त्या विद्येच्या जाणकारांशी संवाद करा, असं तिथे म्हटलंय आणि माणसंही सांगितली आहेत: शिष्य, गुरू, सब्रह्मचारी म्हणजे सहाध्यायी. ती अनसूयी हवीत, म्हणजे मत्सर न करणारी. लिखाण पक्कं हवं असं कुठे आहे?

1983 साली पुण्यात दया कृष्ण, मे. पुं. रेगे हे तत्त्वज्ञ आणि संस्कृत पंडित समोरासमोर बसले. विषय होता इंग्रज तत्त्वज्ञ रसेलची 'प्रपोझिशन'ची कल्पना, म्हणजे वाक्यातून मांडला जाणारा, खरा किंवा खोटा ठरणारा आशय. न्यायदर्शनात वाक्य आहे, ज्ञान आहे. दोन्हींहून वेगळी ही तिसरी वस्तू बसवायची कुठे? असा प्रश्न एकट्याच्या टेबलावर सुचत नाही गं.

माझं प्रकरण चार वर्षं कपाटात होतं. बौद्ध शब्दातून होणारं ज्ञान मानतच नाहीत, असा पूर्वपक्ष, म्हणजे खोडायचं प्रतिपक्षाचं मत, मी त्यात ठोकून दिला होता. मौखिकीत परीक्षकांनी शांतपणे विचारलं, "बौद्ध तर्कशास्त्रज्ञ दिङ्नाग शब्दातून होणाऱ्या ज्ञानाला अनुमानात घालतो, त्याचं काय?" पुढची चाळीस पानं त्या एका चुकीवर उभी होती. वसतिगृहात शेजारच्या खोलीतला मित्र तेव्हा अपोहवाद, म्हणजे बौद्धांचा शब्दार्थाचा सिद्धांतच वाचत होता. एका संध्याकाळी त्याला ते पान वाचून दाखवायला हवं होतं. नाही दाखवलं. हे अजून सलतं.

म्हणून पुढे दहा मिनिटांत निबंध उरकणाऱ्या चर्चासत्रांना जाणं मी सोडलं. लोक गर्विष्ठ म्हणाले, बढतीही लांबली. पण दर गुरुवारी आम्ही चौघं बसायचो, कधी पूर्ण संध्याकाळ एकाच परिच्छेदावर जायची. माझं जे काही बरं लिखाण आहे ते त्या बैठकांतलं आहे. तेव्हा मी चुकलो असं मला आजही वाटत नाही.

तुला हसतील याची भीती आहे, ठाऊक आहे मला. हसणारे असतील तर गट बदल, पण कच्चंच घेऊन जा.

या आठवड्यात चार प्रती काढ, समास रुंद ठेव. ज्या वाक्याची तुला स्वतःला शंका आहे त्याखाली रेघ मार. सुरुवात तिथूनच कर.