वाचकांचे प्रश्न : पतंगांचा नकाशा कसा वाचायचा?

प्रश्न : आमच्या गटाने पतंगांच्या (रात्री उडणाऱ्या, फुलपाखरांसारख्या कीटकांच्या) नोंदी नकाशावर मांडल्या. सह्याद्रीच्या माथ्यावर ठिपक्यांची दाटी दिसते, पूर्वेच्या पठारावर जेमतेम चार-दोन. पाऊस कमी म्हणून पतंग कमी, असं धरावं का?

उत्तर : एवढ्यावरून नको. पावसाचा संबंध आहेच. महाबळेश्वरला वर्षाला ५,५०० मिमीच्या वर पाऊस पडतो आणि पूर्वेला ३०-४० किलोमीटरांत तो १,००० मिमीच्या आत येतो. झाडं बदलतात, तशा त्यांच्या पानांवर वाढणाऱ्या अळ्याही बदलतात. पण पतंग दिव्याकडे येतात, म्हणून जिथे कुणी रात्री दिवा लावून बसलं, तिथेच ठिपका पडतो आणि माणसं बसतात ती बहुतेक घाटमाथ्यावर. म्हणून आधी कुठे किती रात्री दिवा लावला, त्याचा नकाशा करा. माथ्यावर ४० रात्री आणि पठारावर ५ असतील, तर माथ्यावरच्या कोणत्याही ५ रात्री उचलून तुलना करा.

साधनंही दोन्हीकडे एकच हवीत. एकीकडे १६० वॅटचा मर्क्युरी बल्ब आणि दुसरीकडे साधा एलईडी असेल, तर फरक दिव्याचा निघतो. पतंग बसायला दिव्यामागे साधारण २ × १.५ मीटरचा पांढरा सुती पडदा, अमावस्येच्या आगेमागे, वारा नसलेली रात्र, दोन्ही ठिकाणी त्याच आठवड्यात. चांदण्यात पतंग दिव्याकडे कमी येतात. दहाला आवरू नका. रेशीम पतंगांच्या कुळातले बरेच नर मध्यरात्रीनंतर येतात. काहीच आलं नाही ती रात्रही वहीत हवी. ती गाळली जाते आणि मग 'आढळत नाही' म्हणायला आधारच उरत नाही.

प्रश्न : नव्या ठिकाणी एकच पतंग मिळाला, तर तो तिथला रहिवासी मानायचा का?

उत्तर : जातीवर अवलंबून आहे. अ‍ॅटलास पतंगाला प्रौढपणी खाताच येत नाही, तो जेमतेम आठवडाभर जगतो. अंड्यांनी जड झालेली मादी फार लांब जात नाही, म्हणजे अळ्यांची झाडं जवळच असणार. (कोष चिकटलेलं रोप बाहेरून आलं नाही ना, तेवढं पाहा.) कण्हेरीवरचा हिरवा हॉकमॉथ मात्र दणकट उडणारा, आफ्रिकेतून युरोपात पोचणारा. त्याची एक नोंद म्हणजे वाटसरूही असू शकतो. पंख झिजलेले असतील तर शंका वाढते. खात्री हवी असेल तर कण्हेर आणि तगरीची पानं चाळा : डोक्यामागे पांढरट-निळे दोन 'डोळे' असलेली हिरवी अळी सापडली की प्रश्न मिटला.

प्रश्न : जुन्या फोटोंवरच्या नोंदी घ्याव्यात का?

उत्तर : घ्या, पण नाव तपासून. सह्याद्रीतला अ‍ॅटलास हा अ‍ॅटॅकस टॅप्रोबॅनिस. हिमालय-ईशान्येकडचा अ‍ॅटॅकस अ‍ॅटलास. सगळ्यांना एकच नाव दिलं, तर दोन जातींची एकच सलग पट्टी दिसते. तारीख किंवा नेमकं ठिकाण नसलेला फोटो बाजूला ठेवा. जागेचे अक्षांश-रेखांश चार दशांश स्थळांपर्यंत, म्हणजे सुमारे ११ मीटरपर्यंत, लिहा आणि उंचीही टिपा. घाटात दोन-तीनशे मीटर चढलं की रान बदलतं.