गुळवेलीचा काढा रोज घ्यावा का?

रोज सकाळी रिकाम्या पोटी गुळवेलीचा काढा घेतला तर चालेल का, किती दिवस घ्यावा आणि बाल्कनीतल्या कुंडीत लावलेली वेल त्यासाठी वापरता येईल का, असे आपण विचारले आहे. पहिल्या भागाचे उत्तर स्पष्टच देते. वैद्याने तपासून सांगितल्याशिवाय रोज घेऊ नये, आणि केवळ 'प्रतिकारशक्ती वाढावी' म्हणून तर मुळीच घेऊ नये. आयुर्वेदावर माझा विश्वास नाही म्हणून हे लिहीत आहे, असे कृपया समजू नये. माझे वडील गिरगावात वैद्यकी करत असत आणि गुळवेल आमच्या घरात बाराही महिने असे.

वडील गुळवेल नेहमी ओलीच वापरत. अंगठ्याएवढी जाड कांडी, शक्यतो कडुनिंबावर चढलेल्या वेलीची, ते दादरच्या बाजारात पालघरकडून येणाऱ्या बायकांकडून निवडून आणत. कांडीवरची कागदासारखी पातळ साल सुरीने खरवडली की खालचा हिरवा गर दिसतो; मग ती ठेचायची, सोळापट पाण्यात मंद आचेवर ठेवायची आणि अष्टमांश उरेपर्यंत आटवायची. सत्त्व काढायचे असेल तर ठेचलेली गुळवेल रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी हाताने चोळायची, पाणी फडक्यातून गाळून न हलवता ठेवायचे, आणि तळाशी पांढरा थर बसला की वरचे पाणी अलगद ओतून टाकून तो थर वाळवायचा. रेंगाळलेला ताप, वातरक्ताने (गाउटसारख्या विकाराने) सुजलेले सांधे, अंगाचा दाह, त्वचेचे जुने विकार अशा तक्रारींत ते गुळवेल देत. मात्र देण्यापूर्वी भूक, शौच, झोप, आधीची दुखणी आणि चालू असलेली औषधे यांची चौकशी होई, औषध मोजक्या दिवसांचे मिळे, आणि रुग्णाला परत बोलावून पाहिल्याखेरीज ते पुढे चालू राहत नसे. वर्षभर रोज काढा पिणारा एकही रुग्ण मी त्यांच्याकडे पाहिला नाही.

आता हे सर्व इतक्या तपशिलाने का लिहावेसे वाटले, ते सांगते. २०२० साली टाळेबंदीच्या काळात मुलुंडला राहणाऱ्या माझ्या काकूंनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा संदेश वाचून हा काढा सुरू केला. सोसायटीच्या कुंपणावर चढलेली एक वेल गुळवेलच आहे असे कोणीतरी सांगितले, आणि तिच्या कांड्या घरोघरी वाटल्या गेल्या. काकूंना थायरॉइडचा जुना त्रास होता, पण तो लक्षात घेऊन त्यांना सल्ला देणारे त्या ग्रुपवर कोणी नव्हते. काही महिन्यांनी त्यांची भूक गेली, अंगाला खाज सुटू लागली, लघवी गडद झाली आणि एके दिवशी डोळे पिवळे दिसले. रुग्णालयात काविळीच्या विषाणूंच्या चाचण्या निर्दोष आल्या, यकृताची एन्झाइम्स मात्र फार वाढलेली होती. डॉक्टरांनी खोदून विचारल्यावर काढ्याचा विषय निघाला. तो बंद केल्यावर काकू हळूहळू बऱ्या झाल्या, पण त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, माझ्या वडिलांना फोन करून सुनावले, "काका, तुमच्या आयुर्वेदाने माझ्या आईचे यकृत घालवले." वडिलांनी एवढेच विचारले, "वहिनींची नाडी कोणी पाहिली होती?" दादाकडे त्याचे उत्तर नव्हते, आणि आजही नाही.

हा अनुभव एकट्या काकूंचा नव्हता. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईत गुळवेल घेणाऱ्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे येथील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष दिशाभूल करणारा असल्याचे सांगितले, आणि वापरलेली वनस्पती टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, म्हणजे खरी गुळवेलच होती की तिच्याशी साम्य असलेली टिनोस्पोरा क्रिस्पा, याची खातरजमा झाली नसल्याकडे बोट दाखवले. पुढे २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांवरच्या ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांतल्या अनेकांत स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा यकृतावर उलटल्याची लक्षणे होती, तर काहींना थायरॉइडसारखे आजार आधीपासून होते. जी वनस्पती प्रतिकारयंत्रणेला चालना देते म्हणून आपण ती घेतो, ती अशा माणसाच्या सुप्त आजारालाही चालना देऊ शकते. वनस्पती ओळखण्यात चूक होते हे खरे असले, तरी सगळे खापर क्रिस्पावर फोडणे मला पटत नाही.

यावर आयुर्वेदाचे काही अभिमानी म्हणतात की ग्रंथांत काविळीवर गुळवेलीचा रस मधासह सांगितला आहे, मग तिनेच कावीळ कशी होईल? चरकाने चार मेध्य, म्हणजे बुद्धी वाढवणाऱ्या, रसायनांत गुळवेलीचा रस गणला आहे, हाही दाखला देतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु त्याच परंपरेत रसायनाआधी शोधन, म्हणजे शरीराची शुद्धी, सांगितले आहे, रुग्णाचे वय, बल आणि अग्नी (पचनशक्ती) पाहायला सांगितले आहे. ही पथ्ये बाजूला सारून फक्त वनस्पतीचे नाव उचलणाऱ्याने शास्त्राचा आधार सांगू नये.

कुंडीतल्या वेलीबद्दल इतकेच सांगते की कांडी जाड व्हायला वेळ लागतो, आणि रोपवाटिकेतल्या पाटीवर भरवसा ठेवू नये. कांडीवर ठळक चामखिळींसारखे उंचवटे दाट असतील, तर ती क्रिस्पा असण्याची शक्यता असते. पाने केसाळ असतील तर तीही औषधातली नेहमीची गुळवेल नव्हे. वरळीच्या पोदार आयुर्वेद महाविद्यालयासारख्या ठिकाणी द्रव्यगुणाच्या, म्हणजे औषधी वनस्पतींच्या, जाणकाराला कांडी व पान दाखवून घ्यावे.

गर्भवती आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रिया, थायरॉइड, संधिवात किंवा सोरायसिससारखा स्वप्रतिकारक (स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा उलटल्याने होणारा) आजार असणारे, यकृताचे जुने रुग्ण आणि नियमित मद्यपान करणारे यांनी स्वतःच्या मनाने गुळवेल घेऊच नये. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर जास्त उतरू शकते, म्हणून डॉक्टरांनाही कल्पना द्यावी. 'किती दिवस' याचा आकडा मी देणार नाही, कारण आपल्याला न पाहता तो देणे म्हणजे त्या ग्रुपवरच्या संदेशासारखेच होईल. काढा सुरू असताना भूक मंदावली, मळमळ वाटू लागली किंवा लघवी गडद झाली, तर तो त्याच दिवशी बंद करून यकृताची रक्तचाचणी करावी आणि उरलेली कांडी डॉक्टरांकडे सोबत न्यावी. काकूंच्या वेळी ती कोणी जपून ठेवली नव्हती. त्यामुळे कुंपणावरची ती वेल नेमकी कोणती होती हे दादालाही सांगता येत नाही, तरीही तो दोष मात्र माझ्या वडिलांच्या विद्येला देतो.