नवताऱ्याच्या वर्णपटाचे काउंट खऱ्या ऊर्जेत कसे बदलायचे?

तुम्ही ग्रेटिंग (प्रकाशाचे रंग वेगळे करणारी बारीक रेघांची जाळी) लावून नवताऱ्याचा, म्हणजे अचानक उजळलेल्या ताऱ्याचा, वर्णपट घेतलाय, उभा अक्ष नुसत्या काउंटमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या आकड्यांत आहे, आणि एएव्हीएसओ या बदलत्या ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या संस्थेकडची त्या रात्रीची प्रत (ताऱ्याच्या तेजाचा आकडा, लहान म्हणजे जास्त तेजस्वी) वापरून तो खऱ्या ऊर्जेत बदलता येईल का, असं विचारताय. येईल. पण प्रत फक्त वर्णपटाची उंची ठरवते. आकार आधी आपल्यालाच सरळ करून घ्यावा लागतो.

मी हे २०१३ मध्ये धनिष्ठेतल्या नवताऱ्यावर, म्हणजे व्ही३३९ डेल्फिनीवर शिकलो. जपानच्या कोइची इतागाकींनी तो १४ ऑगस्टला शोधला आणि दोन दिवसांत तो ४.३ प्रतीच्या आसपास पोचला. महाराष्ट्रात तो जवळजवळ डोक्यावरून जायचा, पण भर पावसाळा. ढगांच्या फटीत मिळाले तेवढेच वर्णपट.

आकारासाठी शेजारचा श्रवण तारा घेतला. त्याचा प्रमाणित वर्णपट उपलब्ध आहे. आपण घेतलेल्या श्रवणाच्या वर्णपटाला त्याने भागलं की कॅमेरा आणि हवा मिळून कुठे किती प्रकाश खातात ते कळतं. हा प्रतिसाद-वक्र. नवताऱ्याच्या वर्णपटाला त्याने भागलं की आकार सरळ होतो. संदर्भ तारा आकाशात नवताऱ्याइतक्याच उंचीवर असताना घ्या, नाहीतर निळं टोक हमखास चुकतं.

आता उंची. व्ही प्रत, म्हणजे हिरवट-पिवळा प्रकाश सोडणाऱ्या व्ही फिल्टरमधून मोजलेली प्रत, ० असलेल्या ताऱ्याकडून ५५०० अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचं एकक) जवळ दर अँगस्ट्रॉमला, दर चौरस सेंटिमीटरला, दर सेकंदाला सुमारे ३.६३ × १०⁻⁹ अर्ग (ऊर्जेचं एकक) येतात. ५ व्या प्रतीला त्याचा शंभरावा भाग. हे वाचून मी ५५०० जवळचा एकच बिंदू धरला आणि सगळा वर्णपट त्या हिशेबाने गुणला. साध्या ताऱ्याला हे बऱ्यापैकी चालतं, नवताऱ्याला नाही. व्ही फिल्टर रुंद असतो, लोहाच्या ५०१८ आणि ५१६९ च्या तेजस्वी रेषा त्यातच येतात. त्यांचा प्रकाश प्रतीत मोजला जातो, तुमच्या बिंदूत नाही, त्यामुळे सगळा वर्णपट प्रमाणाबाहेर वर जातो. म्हणून वर्णपटाला व्ही फिल्टरच्या वक्राने (तो कुठल्या तरंगलांबीला किती प्रकाश सोडतो त्याने) गुणा, बेरीज करा, त्या बेरजेवरून निघणारी प्रत मोजलेल्या प्रतीशी जुळेल असा गुणक काढा. हेच निळ्या प्रकाशाच्या बी फिल्टरलाही करून बघा. दोन प्रतींतला फरक, बी वजा व्ही, मोजलेल्या फरकाशी जुळत नसेल तर आधी श्रवणाकडे परत जा, प्रतिसाद-वक्र पुन्हा तपासा.

पुढे पुढे खरी अडचण ऑक्सिजनच्या ४९५९ आणि ५००७ च्या रेषांची. त्या व्ही फिल्टरच्या निळ्या उतारावर पडतात. दोन कंपन्यांचे फिल्टर जरासे वेगळे असले, तरी दोन प्रामाणिक निरीक्षकांच्या प्रती वेगळ्या येतात, आणि ०.१ प्रतीचा फरक म्हणजे ऊर्जेत जवळपास १० टक्के. अशा वेळी सरासरी काढू नका. व्ही फिल्टरने मोजणारा एकच निरीक्षक निवडा आणि त्यालाच धरून राहा. डोळ्याने केलेले अंदाज आणि कॅमेऱ्याच्या हिरव्या चॅनेलचे आकडे मी या कामाला घेत नाही.

सुरुवातीच्या दिवसांत नवतारा रातोरात बदलतो. तुमच्या वेळेच्या आधीचं आणि नंतरचं मोजमाप घेऊन मधली किंमत काढा. ताऱ्यांमधल्या धुळीची दुरुस्ती हे सगळं झाल्यावर. मोजलेल्या प्रतीत ती धूळ आहेच.

६५६३ ची हायड्रोजनची रेषा माथ्याला सपाट दिसतेय का तेही बघा. तिथे कॅमेरा भरून गेला असेल तर कुठलीच प्रत ती वाचवू शकत नाही. तिच्यासाठी कमी वेळाचं वेगळं चित्र घ्यावं लागेल.