डब्ल्यू-आरचे शब्द सुटे सुटे पाठ करू नकोस

इंग्रजी शब्दांचे अर्थ लक्षात राहत नाहीत म्हणतोस ना, मग एका अक्षरजोडीचं अख्खं घराणंच घेऊन बस. आधी डब्ल्यू-आरने (wr) सुरू होणारे शब्द घे. डब्ल्यूवालं रिंग म्हणजे पिळणं, रेंच म्हणजे जोरात पिरगाळणं (तो पानाही त्यावरूनच), रीथ म्हणजे वळून केलेलं फुलांचं कडं, रिस्ट म्हणजे वळणारं मनगट, सगळीकडे पीळ किंवा वळण आहेच बघ. आणि राँग! हा मला फार आवडतो, व्हायकिंग लोकांच्या नॉर्स भाषेतून इंग्लंडात आला आणि मूळ अर्थ वाकडं, आपण नाही का वाकडं पाऊल म्हणत, तसंच. हा डब्ल्यू पूर्वी खरंच उच्चारायचे, १७व्या शतकापर्यंत बोलण्यातून बराचसा गेला पण स्पेलिंगमध्ये राहिला.

फक्त सगळ्यांना एकाच माळेत ओवू नकोस हं, राइट म्हणजे लिहिणं याचं मूळ ओरखडणं, कोरणं असं आहे, पिळाशी संबंध नाही. म्हणून प्रत्येक शब्दाची व्युत्पत्ती चांगल्या डिक्शनरीत बघच, कंटाळा करू नकोस. हे जमलं की एस-एन घे, स्नोअर म्हणजे घोरणं, स्निफ म्हणजे हुंगणं, स्नीझ म्हणजे शिंकणं, स्नाउट म्हणजे प्राण्याचं लांब नाकाड, सगळं नाकाभोवतीच फिरतं.